विद्यार्थ्यांना प्रश्न मिळणेबाबत : खान्देशच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शासकीय कामातले खरे प्रश्न मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

जावक क्रमांक नसलेलं पत्र आवक बारनिशीत चढत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो आहे, आणि उघड लिहितो आहे, कारण याच मजकुराचे दोन अर्ज मी यापूर्वी रीतसर देऊन बघितले. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. तक्रार करायला बसलेलो नाही. दोन्ही वेळा पोच मिळाली. उत्तर यायचं आहे.

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो. नवं शैक्षणिक धोरण आलं तसे पदवीच्या मुलांच्या वाट्याला क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प आले. त्यांना श्रेयांक आहेत, म्हणजे गुण आहेत, म्हणजे सबमिशन आलंच. पुढे काय होतं ते आपल्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मुलं एका दुपारी गावात जातात, सरपंचांबरोबर फोटो काढतात, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का घेऊन येतात. फायलीचं नाव ठरलेलं : ‘ग्रामीण भागातील पाणीसमस्या : एक अभ्यास’. मागच्या वर्षीच्या फायलीतलं गावाचं नाव बदललं की काम झालं. एका पोराच्या फायलीत तिसऱ्या पानापर्यंत गाव साक्री तालुक्यात होतं, चौथ्या पानापासून ते चोपड्यात गेलं. मी त्याला पास केलं. दोष त्याचा नव्हताच. मी त्याला विषय दिला होता, प्रश्न दिला नव्हता.

या दोन शब्दांतला फरक, एवढंच माझं मागणं आहे.

‘कुपोषण’ हा विषय झाला. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं धडगाव-मोलगीकडचं बाळ होळीला घरी येतं, तेव्हा मधल्या महिन्यांतलं त्याचं वजन अंगणवाडीताईला कळावं कसं, हा प्रश्न. ‘केळी पीक विमा’ हा विषय. विम्याची भरपाई ज्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते, त्या आपल्या महसूल मंडळातल्या केंद्रानं काल रात्री किती तापमान नोंदवलं, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला आज सकाळी कुठे वाचता येईल, हा प्रश्न. विषयावर निबंध लिहिता येतो. प्रश्नाला जाऊन भिडावं लागतं, आणि तो सुटला की नाही हे कुणालाही सांगता येतं.

असे प्रश्न आमच्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. रोज आपल्या टेबलावरून जातात.

हे सगळं ज्या पद्धतीनं करायचं, तिला सध्या ‘डिझाइन’ म्हणतात. आमच्या भागात डिझाइन म्हटलं की साडीचा काठ नाहीतर लग्नपत्रिका, त्यामुळे मुलांना हा शब्द सांगितला की पहिले दोन दिवस हसण्यात जातात. पण अर्थ साधा आहे. माणूस काय सांगतो त्यापेक्षा तो काय करतो ते बघायचं. अडचण नेमकी कुठे आहे ते ठरवायचं. सुचेल तो उपाय कागद-पुठ्ठ्याचा, स्वस्तातला करून लगेच वापरून बघायचा. तो फसला की का फसला ते लिहायचं आणि पुन्हा करायचा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली. तिच्या आधी, १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्यानं सरकारसाठी एक अहवाल लिहिला होता. त्यात त्यांनी आपल्या लोट्याचं उदाहरण घेतलं. किती पाणी मावावं, भरलेला कसा उचलता यावा, ओतताना धार कशी पडावी, घासताना हात आत कसा जावा. हा लोटा कुणा एका माणसानं घडवलेला नाही, पिढ्यांनी घडवला. सुरत लाइनच्या गाडीत बसून अहमदाबादला जाणाऱ्या आमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण ती तिथे फक्त नोकरी शोधायला जातात.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी चार मुलांना एका तालुक्याच्या कचेरीत बसवलं, निराधार योजनांच्या टेबलासमोरच्या बाकावर. परवानगी तोंडी होती. सूचना एकच : दोन दिवस कुणाला काही सुचवायचं नाही, मोबाइल खिशातच ठेवायचा, नुसतं बघायचं. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्ही योजनांची माणसं तिथेच येतात. तेव्हा महिन्याला १,५०० रुपये मिळत. बहुतेकांना अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं. १,५०० रुपयांत काय होतं असं विचारणाऱ्यानं त्या बाकावर एक सकाळ बसून बघावं.

पहिला दिवस कंटाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या लक्षात आलं की सकाळी टेबलापाशी येऊन गेलेली म्हातारी दुपारी पुन्हा रांगेत उभी आहे. तिला सांगितलं होतं, पासबुकाची झेरॉक्स आणा. ती बाजारात गेली, पैसे देऊन झेरॉक्स काढून आली. पासबुकाच्या कव्हराची. कागदावर मोठ्या अक्षरांत बँकेचं नाव, खाली बोधचिन्ह, बाकी काही नाही. टेबलावरून आवाज आला, “आजी, नाव असलेलं पान पाहिजे.” ती वळली आणि तो कागद आमच्या मुलीपुढे धरून म्हणाली, “माय, यामा मन्हं नाव कोठे शे?”

अव्वल कारकुनांनी तिला चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तेच वाक्य ते सकाळपासून प्रत्येकाला सांगत होते. टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी होती, घसा पार बसलेला. त्यांना कुणी वाईट म्हणू नये म्हणून हे मुद्दाम लिहितो.

बाहेर आल्यावर मुलं म्हणाली, “सर, ॲप करू.” करणारच. त्याच्या आदल्या वर्षीच्या तुकडीनं तक्रारींचं ॲप केलं होतं. स्पर्धेत ढाल मिळाली, ती आमच्या स्टाफरूममध्ये आहे. त्या ॲपवर आजवर फक्त आमच्याच वर्गातल्या पोरांनी खाती उघडली. म्हणून या वेळी मी ॲपला बंदी घातली. जे करायचं ते झेरॉक्सच्या दुकानात एक रुपयात झालं पाहिजे.

त्यांनी एक चिठ्ठी केली. कोणता कागद कमी आहे, त्याच्या चित्रावर टेबलावरच्या माणसानं खूण करायची आणि चिठ्ठी अर्जदाराच्या हातात द्यायची. पहिल्या चिठ्ठीत बारा चौकटी होत्या. अव्वल कारकुनांनी ती बघितली, छान आहे म्हणाले आणि पेपरवेटखाली ठेवून दिली. बारा चौकटींतून शोधत बसायला त्यांना वेळ कुठे? दुसरीत पाच चौकटी ठेवल्या, आणि ती चालायला लागली. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुलांनी चित्र काढलं होतं रुपयाच्या नाण्याचं. त्यावर खूण झालेली चिठ्ठी हातात पडताच एका बाईनं कमरेची पिशवी सोडली आणि विचारलं, “कितला देऊ, भाऊ?” अव्वल कारकून खुर्चीतून उठलेच. “अरे, हे काय काढलंय? मला लाचलुचपतवाल्यांच्या हाती देता का?”

वर्गात बसून ही चूक आमच्या कुणाच्या सात पिढ्यांत लक्षात आली नसती. तिसऱ्या चिठ्ठीतून चित्रं गेली. त्या जागी खऱ्या दाखल्याची, शिक्क्यासकट, लहान केलेली झेरॉक्स आली. वाचता न येणारं माणूसही घरातल्या पत्र्याच्या पेटीतून तसा दिसणारा कागद काढून आणू शकतं.

चौथ्या चिठ्ठीत खरी गोम कळली. मुलांना वाटलं, सांगणाऱ्यानं चिठ्ठीवर सहीही करावी, म्हणजे पुढच्या खेपेला टेबलावर दुसरं कुणी असलं तरी नवा कागद मागणार नाही. अव्वल कारकून हसले. तोंडानं सांगितलेलं हवेत जातं, सही केलेलं अंगावर येतं. उद्या अर्ज वेगळ्याच कारणानं नामंजूर झाला तर ही चिठ्ठी पुरावा म्हणून समोर येणार. फॉर्मची भाषा, रांग, अंधारा व्हरांडा, हे सगळं नंतरचं. लिहून देण्याची भीती ही मुळाशी होती, आणि ती कुठल्याही अहवालात मी वाचली नव्हती. शेवटी तोड त्यांनीच काढली : सही नको, टेबलाचा तारखेचा रबरी शिक्का मारू. शिक्का टेबलाचा, माणसाचा नाही. चार मुलांना दोन महिन्यांत जे सुचलं नव्हतं ते वीस वर्षं त्या खुर्चीत काढलेल्या माणसाला मिनिटात सुचलं. पण सुचलं कधी? कुणीतरी कागद घेऊन समोर बसलं तेव्हा.

पुढे त्यांची बदली झाली. नवे आले. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “वरून आदेश आहे का?” आदेश नव्हता. चिठ्ठी बंद पडली. नव्या साहेबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माननीय महोदय, तो ‘वरून’ म्हणजे आपण. अर्ध्या पानाचा आदेश लागतो. अमुक टेबलावर, अमुक तीन महिने, अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करू द्यावा. नियमात बदल नाही, कुणाचा हक्क कमी होत नाही. तीन महिन्यांनी चालला तर ठेवावा, नाहीतर काढून टाकावा. एवढंच. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसे असतात हे मला माहीत आहे. ते नकोत. झेरॉक्सचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरतो.

जगात हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पाहुण्याचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडे घरच्याचं पटत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१६ साली एक वर्ग सुरू केला. संरक्षण खातं आपले खरे प्रश्न देतं, प्रत्येक गटाला खात्यातला एक माणूस जोडून देतं, आणि मुलांनी आठवड्यातून दहा-दहा माणसांना प्रत्यक्ष भेटायचं असतं. आम्हाला बंदुका-बिंदुका काही नकोत, पण मांडणी बघा : प्रश्न खात्याचा, माणूस खात्याचा, पाय विद्यार्थ्यांचे. डेन्मार्कच्या सरकारनं तर २००२ सालीच मंत्रालयांच्या आत ‘माइंडलॅब’ नावाची प्रयोगशाळा काढली होती. जगभरातले लोक ती बघायला जात. २०१८ साली सरकारनं ती बंद केली. आमच्या चिठ्ठीचं जे झालं तेच तिचं झालं, तेव्हा आम्ही फार वाईट वाटून घेत नाही.

आपल्या राज्यालाही हे नवीन नाही. २०१६ पासून उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आहे. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारं ‘सितारा’ नावाचं केंद्र आहे, त्याचा त्यामागे मोठा हात. इंजिनिअरिंगच्या मुलांनी जिल्हा प्रशासनासाठी पाणीपुरवठा, रस्ते, एसटी अशा कामांचा जागेवर जाऊन अभ्यास करावा, ही त्यातली कल्पना. म्हणजे वाट आहे. फक्त ती इंजिनिअरिंग कॉलेजांपुरती राहू नये. त्या बाकावर बसलेल्या चौघांत दोन कलाशाखेची होती, आणि कव्हराची झेरॉक्स त्यांच्यातल्याच एकीनं पाहिली.

त्या मुलीबद्दल थोडं. ती सातपुड्यातली, घरी पावरी बोलणारी. आजी अहिराणी बोलत होती तरी हिला तिची अडचण लगेच कळली, कारण हिच्या स्वतःच्या आजीचं नाव आधारवर एक आहे, रेशनकार्डावर दुसरं. आणि वडिलांची जन्मतारीख १ जून. गावातल्या निम्म्या माणसांची १ जूनच, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या दिवशी पंतप्रधान आले होते. पहिला मान आपल्याला मिळाला आणि नावांची जुळवाजुळव आपण अजून करतो आहोत. डिझाइनच्या पुस्तकांत पहिली पायरी असते समोरच्याच्या जागी उभं राहण्याची. या मुलीला त्यासाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत अशी पावरी, भिली, अहिराणी, लेवा, गुजरी बोलणारी मुलं बसलेली आहेत. मंत्रालयातल्या सल्लागार कंपनीला हे भांडवल कुठून मिळणार?

आपल्या मातीत हे कधीच नव्हतं असंही नाही. पांझरेकाठची फड पद्धत आपण पाहिली असेल. नसेल तर धुळ्याहून साक्रीकडे जाताना जरूर थांबा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खाली शेताचे फड. कुठल्या फडात यंदा कुठलं पीक, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. बंधाऱ्यात पाणी कमी दिसलं तर कोणता फड भिजवायचा नि कोणता कोरडा ठेवायचा, तेही पंचांनी बसून ठरवायचं. हे नियम कुणी एका बैठकीत लिहिले नाहीत. चुकत, भांडत, बदलत ते शेकडो वर्षं टिकले. इंग्रजी अमलात, १८८४ साली, पुण्याहून नुकताच इंजिनिअर होऊन आलेला एक विशीतला तरुण नोकरीच्या सुरुवातीलाच याच पांझरेच्या पाटावर आला. काम होतं नळाचा सायफन बांधायचं. ते विश्वेश्वरय्या. त्यांना कुणी ‘खान्देशातील सिंचन : एक अभ्यास’ लिहायला सांगितलं नव्हतं. हा पाट, ही जागा, पाणी पलीकडे न्या, असं सांगितलं होतं.

मागणी करतो आहे तर आमच्या बाजूची जबाबदारीही लिहून देतो. गेल्या खेपेला आमच्याकडून एक चूक झाली. बाकावर बसलेल्या एका माणसानं आमच्या मुलाला विचारलं, “साहेब, मन्हं काम हुई ना?” पोरगं बावीस वर्षांचं, इस्त्रीचा शर्ट, हातात वही. त्यानं भाबडेपणानं “हो” म्हटलं. आठवड्यानं तो माणूस विचारत विचारत कॉलेजच्या गेटवर आला. एसटीचं भाडं खर्चून आला होता. त्याला काय सांगायचं हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की मुलांनी गळ्यात ‘विद्यार्थी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड घालायचं, कुणाचा फोटो काढायचा नाही, आधार क्रमांक वहीत उतरवायचा नाही, आणि आश्वासन कुणालाही द्यायचं नाही.

तसाच एक नियम आपणही पाळावा, असं हात जोडून सांगतो. कॉलेजची मुलं म्हणजे फुकटचे डाटा एंट्री ऑपरेटर नव्हेत. कचेरीकडून कॉलेजला जे पत्र येतं ते एक तर जनजागृती फेरीसाठी पन्नास मुलं पाठवा म्हणून, नाहीतर सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला पाठवा म्हणून. फेरीला आम्ही येऊ, घोषणाही देऊ. पण त्याला शिक्षण म्हणू नका, आणि श्रेयांकाच्या हिशेबात तर मुळीच धरू नका.

उरली एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. मुलांनी केलेल्या कामाला उत्तर द्या. नागरिकानं अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं त्याला मुदत मिळते, मुदतीत काम झालं नाही तर अपील मिळतं. आमच्या चार मुलांनी दोन महिने घालून जे शोधलं, त्याला कुणी “नाही चालणार” एवढंही म्हटलं नाही. नकार चालेल. अमुक नियमात बसत नाही, अमुक अडचण आहे, तुमची चिठ्ठी निरुपयोगी आहे, काहीही लिहा. एक परिच्छेद पुरे. मी वर्गात वर्षभर शिकवतो त्यापेक्षा त्या परिच्छेदातून मुलांना सरकार जास्त कळेल. आणि त्या मुलांतलीच काही पुढे स्पर्धा परीक्षा देऊन तलाठी, नायब तहसीलदार होऊन आपल्याच कचेऱ्यांत येणार आहेत. आमच्या गावातल्या प्रत्येक अभ्यासिकेत तीच बसलेली असतात.

तेव्हा पुढचं सत्र सुरू होण्याआधी, तिन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी पाच प्रश्न द्यावेत. मोठे नकोत. एका टेबलाचे, एका अंगणवाडीचे, एका मंडळाचे, एका एसटी थांब्याचे. प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं पदनाम असावं, ज्याला आम्ही पंधरा दिवसांतून एकदा भेटू शकू. साहेबच असावेत असं नाही. अव्वल कारकून चालतील. खरं तर तेच बरे.

त्यातला एक प्रश्न निराधार योजनांच्या टेबलाचा दिलात तर आमचं काम अर्ध्यावरून सुरू होईल.

आपला,
तापीकाठच्या एका कॉलेजातला मास्तर

सोबत : चिठ्ठीचा चौथा नमुना, एक प्रत. शिक्क्याची जागा कोरी आहे.